ट्रोलिंगसाठी ब्रेडेड लाइन: डबीवरचे पौंड सगळ्यात शेवटी वाचा

चालत्या होडीमागे लूर (नकली आमिष) नाहीतर मेलेला बांगडा ओढत न्यायचा आणि सुरमईने त्यावर झडप घालायची वाट बघायची, म्हणजे ट्रोलिंग. (ट्रॉलर वेगळा, तो जाळं ओढतो. इंटरनेटवरचं ट्रोलिंग तर आणखीच वेगळं.) मालवण, देवबाग, निवतीकडे रॉड-रीळ घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींच्या रिळांवर मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. लाइन माशाला, रिळाला आणि होडीलाही नको तेवढी जाड असते.

मी स्वतः पहिली ब्रेड (विणलेली लाइन) घेतली ती ८० पौंडांची, म्हणजे तेवढ्या ताणाला तुटणारी. होडीवरच्या तांडेलकाकांनी ती दोन बोटांत धरून चाचपली आणि म्हणाले, "मेल्या, होडी बांधूक दोरी हाडलंस काय रे?" त्यांचं खरं होतं. त्याच दिवशी मासाही गेला, पण लाइन तुटून नव्हे. तो किस्सा पुढे येईलच.

लाइन निवडायची ती उलटीकडून: आधी मासा, मग ड्रॅग (रिळाचा ब्रेक, ठरलेल्या ताणाला दोरी सोडणारा), मग व्यास, मग मीटर, आणि डबी सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. एखादी गाळलीत तर पुढचं गणित चुकेल.

पायरी १: दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा

- कुठला मासा आणि साधारण किती किलोचा.
- रिळावर छापलेली क्षमता. उदाहरणार्थ "०.४०/३००" म्हणजे ०.४० मिमी जाडीचा तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) ३०० मीटर मावतो.
- रॉडवर छापलेली लाइनची मर्यादा, पौंडांत किंवा पीई आकड्यात (जाडीचं जपानी माप, पायरी ३ बघा).
- लूर किती खोल आणि किती मागे चालवणार.

या लेखापुरतं एक उदाहरण धरून चालू: फायबरची छोटी होडी, ३ ते ८ किलोची सुरमई, मध्यम आकाराचं ड्रमचं रीळ, क्षमता ०.४०/३००, लूर ५०-६० मीटर मागे. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच.

थांबा: तुम्ही रॉडशिवाय, नुसत्या हातात दोरी धरून ओढत असाल तर ब्रेड घेऊच नका. ब्रेड बारीक असते, ताणत नाही आणि बोट हाडापर्यंत कापते. हातगरीला जाड तंगूसच बरा. ब्रेड फक्त रिळावर, आणि तीही हाताला गुंडाळून कधीच ओढायची नाही.

पायरी २: ड्रॅग ठरवा, त्यावरून ताकद काढा

लोक मासा ८ किलोचा म्हणून लाइनही निदान ८ किलोची हवी असा हिशेब करतात, आणि मग "असू दे जास्तीची" म्हणून तिप्पट घेतात. खरं तर लाइनवर येणारा ताण मासा ठरवत नाही, तुमचा ड्रॅग ठरवतो. ड्रॅग ३ किलोवर लावला असेल तर ३ किलोला रीळ दोरी सोडू लागतं, मग मासा ५ किलोचा असो की १५ किलोचा.

सुरमईचं तोंड दातेरी असलं तरी गळ धरून ठेवण्याइतकं घट्ट नसतं. ड्रॅग जास्त लावला तर गळ तोंड फाडून निघतो. आमच्या उदाहरणात ३ किलो पुरे.

आता नियम: ड्रॅग हा साखळीतल्या सगळ्यात कमजोर दुव्याच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असावा. म्हणजे ३ किलो ड्रॅगला गाठीसकट ९ ते १२ किलो ताकद हवी. गाठीत ताकद घटते. गाठीनंतर पाऊण ताकद उरते असं धरलं तर ९ भागिले ०.७५ म्हणजे १२ किलो, आणि १२ भागिले ०.७५ म्हणजे १६ किलो. एक पौंड म्हणजे ०.४५ किलो, तेव्हा उत्तर आलं साधारण २७ ते ३५ पौंड. दगडाला घासणं, उन्हात जुनी होणं यासाठी थोडी वाढ धरा: ३५ ते ४० पौंड. बस्स. मोठा कुपा (ट्यूना) हाच खास बेत असेल तर ड्रॅग दुप्पट होतो आणि लाइनही त्या हिशेबाने चढते, पण मग रीळ आणि रॉडही बदलावे लागतात. एकटी लाइन जाड करून काही साधत नाही.

जास्तीच्या ताकदीने नुकसानही होतं. लूर खडपात किंवा कुणाच्या जाळ्याच्या दोरात अडकला आणि लाइन ८० पौंडांची असली, तर ती तुटत नाही. रॉड होल्डर उपटतो, रॉड मोडतो किंवा होडी वेडीवाकडी फिरते. लाइन ही साखळीतली नियोजनपूर्वक तुटणारी कडी असायला हवी.

पायरी ३: पौंड नव्हे, व्यास बघा

ब्रेड विणतात ती अतिशय लांब साखळ्यांच्या पॉलिइथिलीन तंतूंची. डायनिमा, स्पेक्ट्रा ही त्याचीच व्यापारी नावं. या तंतूची घनता सुमारे ०.९७, म्हणजे ती पाण्यावर तरंगते. आणि ताण दिला तरी ती जेमतेम ३-४ टक्के लांबते. तंगूस तुटायच्या बेताला १५ ते ३० टक्के लांबतो.

ट्रोलिंगमध्ये बारीकपणाचा खरा फायदा असा: पाण्यातून ओढली जाणारी जाड दोरी लूरला वर उचलते. तोच लूर, तोच वेग, तेवढंच अंतर, पण लाइन बारीक असेल तर तो जास्त खोल जातो. म्हणजे गरजेपेक्षा जाड ब्रेड घेतलीत तर ब्रेड घेण्याचं निम्मं कारणच बाद झालं.

जाडी सांगणारा जपानी आकडा म्हणजे पीई. डबीवर तो असेल तर तोच आधी वाचा:

- पीई १: ०.१६५ मिमी
- पीई २: ०.२३५ मिमी
- पीई ३: ०.२८५ मिमी
- पीई ४: ०.३३० मिमी
- पीई ५: ०.३७० मिमी
- पीई ६: ०.४०५ मिमी

जुना अंदाज असा की पीई आकड्याला दहाने गुणलं की खात्रीचे पौंड मिळतात. चांगल्या विणीची लाइन त्याहून बरीच जास्त देते, म्हणून पीई ३ च्या एका डबीवर ३५ पौंड दिसतात आणि शेजारच्या डबीवर ५०. पौंडांवर छापणाऱ्याची मर्जी चालते, व्यासावर तेवढी चालत नाही. आमच्या उदाहरणाला पीई ३ बसते.

तपासा: रॉडवर "पीई २-४" असं काही छापलेलं असेल तर तुमचा आकडा त्याच्या आत आहे ना?

पायरी ४: किती मीटर, ते गणिताने

लूर ६० मीटर मागे आहे. सुरमईची पहिली धाव जबरदस्त असते, होडी थांबेपर्यंत आणखी शंभर मीटर सहज जातात. म्हणून ३०० मीटर ब्रेड घ्या. १५० मीटरची डबी स्वस्त दिसते, पण ट्रोलिंगला ती अपुरी. १५०-१५० च्या दोन डब्या मधे गाठ मारून जोडण्याचा मोह तर पूर्ण टाळा.

रिळात किती मावेल हे व्यासाच्या वर्गावर ठरतं. पद्धत अशी:

रिळाची एकूण जागा: ३०० × ०.४० × ०.४० = ४८.
ब्रेड खाणार: ३०० × ०.२८५ × ०.२८५ = सुमारे २४.४.
पुढचा २० मीटर जाड तंगूस (०.६० मिमी, पायरी ८ बघा) खाणार: २० × ०.६० × ०.६० = ७.२.
उरली जागा: ४८ वजा ३१.६ = १६.४.
ही ०.४० च्या तंगूसाने भरायची: १६.४ भागिले ०.१६ = सुमारे १०० मीटर.

म्हणजे खाली १०० मीटर तंगूस, त्यावर ३०० मीटर ब्रेड, त्यावर २० मीटर जाड तंगूस. कागदावरचे आकडे आणि रीळ यांत थोडा फरक पडतो, म्हणून बॅकिंग (खालचा तंगूस) ९० मीटरवर थांबवा. काठापासून २-३ मिमी जागा मोकळी राहिली पाहिजे.

पायरी ५: वीण आणि रंग

चार पदरी की आठ पदरी, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. आठ पदरी गोल, गुळगुळीत, लांब फेकायला छान. पण ट्रोलिंगमध्ये आपण फेकतच नाही, सोडतो. चार पदरीचे पदर जाड असतात, घासणं जरा जास्त सोसतात आणि ती स्वस्तही पडते. ट्रोलिंगला चार पदरी चालते. वाचलेले पैसे चांगल्या स्विव्हलवर (लाइनला पीळ पडू न देणारी फिरती कडी) घाला.

रंगात मात्र कंजुषी नको. दर १० मीटरला रंग बदलणारी लाइन घ्या. निळा गेला, मग पिवळा, मग लाल... रंग मोजले की लूर किती मागे आहे ते कळतं. पहिली सुरमई पाचव्या रंगाच्या शेवटाला लागली, तर पुढच्या फेरीत लूर नेमका तिथेच सोडता येतो. एकरंगी लाइनवर हे नुसत्या अंदाजावर राहतं. माशाला रंग दिसेल ही भीती सोडा. त्याच्यापुढे आपण तंगूस आणि तार ठेवणार आहोत.

पायरी ६: डबी खरी आहे का?

*पेन्सिलची चाचणी.* पेन्सिलवर लाइनचे २० वेढे शेजारीशेजारी घाला. मधे फट नको, एकावर एकही नको. पट्टीने रुंदी मोजा. ०.२८५ मिमीच्या लाइनचे २० वेढे ५.७ मिमी भरायला हवेत. ब्रेड थोडी चपटी होते, तेव्हा सहा-साडेसहा आले तरी चालेल. आठ भरले तर हातात पीई ६ च्या जाडीची दोरी आहे, डबीवर काहीही छापलेलं असो.

*काट्याची चाचणी.* सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या. लाइनचं एक टोक जाड लाकडी दांड्यावर आठ-दहा वेढे देऊन अडकवा, गाठ मारू नका. दुसऱ्या टोकाला तुमची नेहमीची गाठ मारून स्विव्हल बांधा, ते हुकात अडकवा आणि हळूहळू ओढा. कितीला तुटली तो आकडा तुमचा खरा आकडा. तीनदा करा आणि सर्वांत कमी आकडा धरा. डोळ्यांवर चष्मा ठेवा, तुटलेलं टोक चाबकासारखं येतं.

या चाचणीत लाइन बहुतेक वेळा गाठीपाशीच तुटते. म्हणजे लाइन बदलण्यापेक्षा गाठ सुधारणं जास्त फायद्याचं, हेही त्यातच कळतं.

पायरी ७: रीळ भरणं

आता माझा किस्सा. नवी कोरी ब्रेड मी थेट रिळाच्या गुळगुळीत दांड्यावर बांधली होती. मासा लागला, ड्रॅग आवळला, आणखी आवळला, पूर्ण आवळला, तरी दोरी चाललीच आहे. मला वाटलं रीळ बिघडलं. प्रत्यक्षात रीळ जागेवर होतं आणि ब्रेडचा अख्खा गोळा दांड्यावर गरागरा फिरत होता. ब्रेड निसरडी असते, धातूला धरत नाही.

म्हणून क्रम असा:

१. आधी तंगूसाचं बॅकिंग दांड्यावर बांधा. तंगूस धातू धरतो.
२. बॅकिंग आणि ब्रेड डबल युनी गाठीने जोडा: ब्रेडच्या बाजूने ८ वेढे, तंगूसाच्या बाजूने ५. आवळण्याआधी गाठ ओली करा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि हा तंतू सुमारे १५० अंशांना वितळतो.
३. ब्रेड ओल्या फडक्यातून, चिमटीत घट्ट धरून गुंडाळा. हाताला ताण जाणवला पाहिजे, निदान किलोभराचा. दुसऱ्या माणसाला डबी धरायला बसवा आणि गप्पा मारू नका असं बजावा.
४. ड्रमच्या रिळावर लाइन आपोआप पसरणारी सोय नसेल तर अंगठ्याने डावी-उजवीकडे नीट पसरवा. एका बाजूला ढीग झाला की तो पुढे कोसळतो.

ढिली गुंडाळणं ही या पायरीतली सर्वांत महाग चूक. मासा ओढतो तेव्हा वरची बारीक दोरी खालच्या ढिल्या थरांत सुरीसारखी रुतते आणि अडकते. ड्रॅग तीन किलोवर असूनही रीळ सोडत नाही, आणि फटकन तुटते. दोष मात्र लाइनला दिला जातो.

तपासा: भरलेल्या रिळावर अंगठा दाबा. लाइन लाकडासारखी टणक लागली पाहिजे. दबत असेल तर सगळी काढा आणि पुन्हा भरा.

पायरी ८: पुढचा तंगूस आणि तार

ब्रेड ताणत नाही, म्हणून ६० मीटरवरचा फटका थेट रॉडच्या टोकावर आणि माशाच्या तोंडावर येतो. मधे काहीतरी मऊ हवं. त्यासाठी ब्रेडच्या पुढे ०.६० मिमी तंगूस, १५-२० मीटर. तो धक्का खातो, होडीजवळ हाताला धरता येतो आणि खडपाचं घासणंही सोसतो.

जोडायला एफजी गाठ सर्वांत बारीक होते आणि रॉडच्या कड्यांतून सुळकन जाते. ब्रेड ताठ धरायची (रॉडला आणि कमरेला बांधून). तंगूस तिच्यावर आलटून पालटून एकदा वरून, एकदा खालून असा गुंडाळायचा, एकूण वीस वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून. मग ब्रेडच्या शेपटीने दोन्ही दोऱ्यांभोवती दोन अर्धगाठी. ओलं करून, हातमोजे घालून जोरात ओढा. ब्रेडचा रंग गडद होईपर्यंत ती तंगूसात रुतली पाहिजे. त्यानंतर तंगूसाचं टोक अगदी लगत कापा आणि नुसत्या ब्रेडवर चार-पाच अर्धगाठी मारून संपवा. ब्रेड कापायला साधं नेलकटर उपयोगी नाही, धारदार कात्री घ्या.

पहिल्या पाच एफजी गाठी सुटतात. त्या घरी सुटू द्या, होडीवर नको. जमेपर्यंत डबल युनी वापरा. ती जाड होते पण धरते.

तंगूसाच्या पुढे स्विव्हल आणि ३०-४० सेंटीमीटर तार. सुरमई ब्रेडलाही आणि तंगूसालाही ब्लेडसारखी कापते. नुसतं कापलेलं टोक वर आलं की लोक "लाइन कच्ची निघाली" म्हणतात. स्वच्छ, सरळ कापलेलं टोक म्हणजे दात. तंतू पिंजारलेलं टोक म्हणजे घासणं. वेटोळी शेपटी राहिली असेल तर गाठ सुटली. टोक बघूनच पुढचा दोष दुरुस्त करा.

पायरी ९: पाण्यावर

रॉड होल्डरमध्ये ४५ अंशांत ठेवा, लाइनचं टोक काट्याला लावून मागे खेचा आणि ३ किलोला रीळ सुटू लागेल असा ड्रॅग लावा. हाताच्या अंदाजाने ड्रॅग बरोबर लावणारा माणूस अजून मला सापडलेला नाही, मीही त्यातच आलो.

मासा धावत असताना ड्रॅग आवळू नका. रिळावरची लाइन कमी होते तसा गोळ्याचा व्यास कमी होतो आणि ड्रॅग आपोआप वाढतो. व्यास निम्मा झाला की ड्रॅग दुप्पट. म्हणजे मासा लांब गेलेला असतो तेव्हा तुम्ही हात न लावताच ड्रॅग आधीच आवळलेला असतो.

लूर चालवताना ४ ते ६ नॉट, मेलेला मासा लावला असेल तर २ ते ३. लूर सोडताना होडी चालू ठेवा आणि अंगठ्याने लाइन दाबून सोडा, ढिली पडू देऊ नका. ब्रेड तरंगते, ढिल्या ब्रेडला वारा धरतो आणि ती पंख्यात जाते.

सावध: एका होडीवर एका रॉडला ब्रेड आणि शेजारच्याला तंगूस असेल तर वळण मोठं घ्या. दोन्ही एकमेकांवर आल्या की ब्रेड करवतीसारखी तंगूस कापते. हे सहसा दुसऱ्याच्या लूरवर होतं, आणि परतीचा प्रवास अवघडल्यासारखा होतो.

पायरी १०: घरी आल्यावर

रिळावर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, जोरदार फवारा नको. तो मीठ आत ढकलतो. सावलीत सुकवा. पुढच्या फेरीआधी पहिले २० मीटर ब्रेड नखांतून ओढून बघा. खरखर लागली किंवा तंतू पिंजारलेले दिसले तर तेवढा तुकडा कापून एफजी गाठ नव्याने मारा. कापलेला तुकडा खिशात घालून घरी आणा, पाण्यात टाकू नका. तो कुजत नाही आणि कासवाच्या नाहीतर पाणपक्ष्याच्या पायाला वेटोळा बसतो.

१ जून ते ३१ जुलैच्या बंदीच्या दिवसांत रीळ रिकामं करा आणि ब्रेड उलटी भरा: आतापर्यंत तळाशी असलेलं टोक वर आणा. त्या टोकाने अजून ऊनही पाहिलेलं नसतं.